माथेरानमध्ये गाडी का जात नाही? एका जुन्या बंदीची आणि तिच्यामुळे टिकलेल्या रानाची गोष्ट

परभणीहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडली की सकाळी कल्याण येतं. तिथून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळ गाठायचं आणि नेरळहून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर यायचं. इथपर्यंतचा प्रवास कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणासारखाच असतो. दस्तुरीला मात्र टॅक्सी थांबते. पैसे कितीही द्या, गाडी स्वतःची असो की भाड्याची, ती पुढे जात नाही. बाजारपेठ अजून अडीच-तीन किलोमीटरवर असते. हे अंतर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनातून सुटणाऱ्या मिनी ट्रेनच्या शटलने कापायचं.

परभणी हा सपाट, काळ्या मातीचा आणि राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. अशा मुलखातून आलेल्या पर्यटकाला दस्तुरीपासून पुढचा लाल मातीचा, झाडांच्या छताखालचा रस्ता हेच माथेरान वाटतं, आणि ते बरोबरच आहे. सामान उचलताना मात्र प्रश्न पडतोच की गाडी का सोडत नाहीत? पर्यटकांना चालायला लावायची हौस, घोडेवाल्यांचा धंदा, इंग्रजांच्या काळातली पद्धत अशी अनेक उत्तरं सोशल मीडियावर फिरत असतात. प्रत्येकात थोडं तथ्य आहे, पण मूळ कारण कायद्यात आहे आणि त्या कायद्याचं कारण डोंगराच्या रचनेत.

माथ्यावरचं रान

माथेरान रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा झालेला हा एक डोंगर. वर सपाट माथा आणि चहूबाजूंनी तुटलेले कडे. नावाचा सोपा अर्थ लावायचा तर माथ्यावरचं रान. शहर म्हणावं असा भाग जेमतेम सात चौरस किलोमीटरचा आहे आणि २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती.

१८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे डोंगर चढून वर आले आणि त्यानंतर इथे बंगले उभे राहू लागले. 'माथेरानचा शोध मॅलेटने लावला' असं वाक्य पर्यटनाच्या पुस्तिकांमध्ये असतं. उतारांवरच्या ठाकूर, कातकरी आणि धनगर वस्त्यांना हा माथा आधीपासूनच माहीत होता, ही गोष्ट त्या वाक्यात राहून जाते. पुढे मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने नेरळहून वर येणारी दोन फूट रुंदीची छोटी रेल्वे बांधली. ती १९०७ मध्ये सुरू झाली. नेरळ ते माथेरान हे २१ किलोमीटरचं अंतर ती इतक्या वळणांनी चढते की टॅक्सी तिच्या कितीतरी आधी वर पोहोचते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा उखडला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाला.

या रेल्वेमुळे एक गोष्ट आपोआप घडली. माथेरान वसलं ते मोटारीशिवाय. मोटारीचा रस्ता खूप नंतर दस्तुरीपर्यंत आला आणि तिथेच अडवला गेला. म्हणजे इथे आधी गाड्या होत्या आणि मग बंद केल्या, असं झालेलं नाही. गावाला त्यांची कधी सवयच लागली नव्हती, आणि पुढे बंदी टिकली त्याचं मोठं कारण हेच.

शेकरूला रस्ता म्हणजे काय

माथेरानचं जंगल निमसदाहरित प्रकारचं आहे. जांभूळ, हिरडा, अंजन अशी झाडं इथे दाटीने वाढतात आणि त्यांच्या फांद्या एकमेकांत गुंतून माथ्यावर एक सलग छत तयार होतं. शेकरूचं सगळं आयुष्य या छतात जातं. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस-तपकिरी, झुबकेदार शेपटीची खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ती क्वचितच जमिनीवर उतरते. खाणं, झोपणं, पिल्लू वाढवणं हे सगळं झाडावरच चालतं. काटक्या आणि पानांची गोल घरटी ती एकापेक्षा जास्त झाडांवर बांधते आणि आलटून पालटून वापरते.

अशा प्राण्यासाठी जंगल किती हेक्टर आहे यापेक्षा ते सलग आहे का, हे महत्त्वाचं ठरतं. दोन झाडांच्या मधून पायवाट गेली तर वरच्या फांद्या भिडलेल्याच राहतात आणि शेकरू पलीकडे उडी मारते. तीच पायवाट दोन गाड्या शेजारून जातील इतकी रुंद केली, कडेला गटार काढलं, विजेच्या तारांसाठी फांद्या छाटल्या, की वरचं छत फाटतं. झाडं मोजली तर फार कमी झालेली दिसणार नाहीत. शेकरूसाठी मात्र एका रानाची दोन रानं झालेली असतात.

शेकरू डोळ्यांत भरते म्हणून तिचं उदाहरण. याच रानात भेकर आहे, बिबट्या आहे, वानर आणि माकडं आहेत, पहाटे माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर आहे. फुलपाखरांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. माथेरानच्या फुलपाखरांची यादी १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली होती, तिच्यात ७८ प्रजाती होत्या. त्यानंतर सव्वाशे वर्षं कोणी सगळी मोजणी पुन्हा केली नाही. २०११ ते २०१९ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीशी संबंधित अभ्यासकांनी ती केली तेव्हा नोंद झाली १४० प्रजातींची. फुलपाखरं जवळपास दुप्पट वाढली, असा याचा अर्थ घेऊ नये. जुन्या काळी इतक्या बारकाईने शोध झाला नसणार. पण मुंबईपासून नव्वदेक किलोमीटरवर, दर शनिवार-रविवारी गर्दीने भरणाऱ्या डोंगरावर एवढं टिकून आहे, हे त्यातून नक्की कळतं.

२००३ ची अधिसूचना

नव्वदच्या दशकात मुंबईच्या आजूबाजूच्या डोंगरांवर बांधकामाचा दाब वाढू लागला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप या संस्थेने माथेरानचा विषय न्यायालयात आणि सरकारदरबारी लावून धरला. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून माथेरान आणि परिसर 'इको-सेन्सिटिव्ह झोन', म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला.

हा शब्द ऐकला की अनेकांना अभयारण्य आठवतं. दोन्हींत मोठा फरक आहे. अभयारण्य वन्यजीव कायद्याखाली होतं आणि तिथे वन विभागाचा अधिकार चालतो. इको-सेन्सिटिव्ह झोन येतो १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. गंमत म्हणजे त्या कायद्यात हा शब्दच नाही. कुठल्या भागात कोणते उद्योग आणि कामं चालू द्यायची, कोणती नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार केंद्राला कायद्याच्या कलम ३ ने आणि त्याखालच्या नियम ५ ने मिळतो. त्या अधिकाराच्या आधारावर ही कल्पना उभी राहिली. महाराष्ट्रात तिचा वापर मुरूड-जंजिऱ्याला १९८९ मध्ये, डहाणूला १९९१ मध्ये आणि महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्ये झाला होता. झोनमध्ये कोणाला उठवलं जात नाही. जमीन मालकाचीच राहते, शेती चालते, घरं राहतात, हॉटेलंही राहतात. बंधनं येतात ती जमिनीचा वापर बदलण्यावर, खाणकामावर, झाडतोडीवर, तीव्र उतारावरच्या बांधकामावर आणि प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर. राज्य सरकारने सगळ्या क्षेत्राचा आराखडा करायचा आणि देखरेख समितीने लक्ष ठेवायचं, अशी रचना असते.

माथेरानच्या अधिसूचनेत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पहिली म्हणजे रेषा कुठे ओढली. गाव सात चौरस किलोमीटरचं, पण झोन सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा आणि त्याबाहेर आणखी २०० मीटरचा पट्टा. म्हणजे गावाच्या तीसपट क्षेत्र. कर्जत आणि पनवेलच्या बाजूचे उतार त्यात आले. डोंगरावरचं रान वाचवायचं तर नुसता माथा धरून भागत नाही, हे त्यामागचं गणित. बिबट्या आणि भेकर फक्त माथ्यावर राहत नाहीत, उतारांवरही वावरतात. माथ्यावरच्या जांभ्या दगडात मुरलेलं पाणी खाली उतारांवरच्या झऱ्यांतून बाहेर येतं. उतार खरवडून फार्महाऊसची रांग उभी केली तर वरचं जंगल बेटासारखं एकटं पडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे गाड्या. नगरपरिषदेच्या हद्दीत वाहनांना बंदी, अपवाद फक्त रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीचा. जुन्या रिवाजाला कायद्याचं बळ मिळालं.

बंदी गाडीची, लगाम बांधकामाला

वाहनबंदीचा फायदा विचारला तर बहुतेक जण धूर आणि हॉर्न सांगतात. ते खरं आहे, पण तो अर्धाच फायदा झाला. माथेरानमध्ये ट्रक येत नाही, म्हणजे सिमेंट, विटा, वाळू, सळ्या सगळं दस्तुरीला उतरवावं लागतं. तिथून पुढे घोड्यांच्या पाठीवर आणि माणसांनी ओढलेल्या हातगाड्यांवर. गॅस सिलिंडर, भाजीपाला, हॉटेलांच्या चादरी हे सगळं याच वाटेने जातं. साहजिकच इथे बांधकाम महाग पडतं आणि वेळ खातं. सात मजली इमारत उभारायला परवानगी मिळाली असती तरी परवडली नसती.

डोंगरी पर्यटनस्थळांवर कागदावर नियम असतात आणि जमिनीवर वेगळंच घडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. माथेरानमध्येही बेकायदा बांधकामाच्या तक्रारी झाल्या आहेत. पण इथे नियमाच्या मागे एक अडचण कायम उभी राहिली, आणि त्या अडचणीवर पैसे चारून मार्ग काढता येत नव्हता. तिने जेवढं राखलं तेवढं कदाचित देखरेख समितीलाही जमलं नसतं. महाबळेश्वरशी तुलना केली की हे दिसतं. तिथला झोन १७ जानेवारी २००१ चा, म्हणजे माथेरानपेक्षा दोन वर्षं जुना, १२३.९६ चौरस किलोमीटरचा, त्याच कायद्याखालचा. पण गाड्या थेट हॉटेलच्या दारात जातात, सुट्टीच्या दिवशी पाचगणीपासून रांगा लागतात आणि गाडीमागोमाग रस्ता रुंद करण्याची, पार्किंगची, आणखी खोल्यांची मागणी येते.

किंमत कोणी मोजली

इथवरची गोष्ट पर्यटकाच्या आणि शेकरूच्या बाजूने झाली. बंदीची किंमत मात्र इथे राहणाऱ्यांनी मोजली आहे. शाळकरी मुलं, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे, बाळंतीण, दवाखान्यातून घरी परतणारा रुग्ण, या सगळ्यांना डोंगरावरची लाल वाट चालायची असते. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी होती हातरिक्षा. एक माणूस पुढे ओढतो, चढावर दुसरा मागून ढकलतो, आत बसलेल्या माणसाच्या वजनासकट. अशा परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. ऐंशी-नव्वद किलोच्या पर्यटकाला पावसाच्या चिखलातून वर नेणाऱ्या माणसाच्या छातीचं आणि फुप्फुसांचं काय होत असेल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

याच हातरिक्षावाल्यांमधून ई-रिक्षाची मागणी पुढे आली. बॅटरीवर चालणारी तीनचाकी धूर सोडत नाही, आवाज करत नाही, मग बंदीतून तिला सूट का नको, असा त्यांचा सवाल होता. घोडेवाल्यांचा याला विरोध होता, कारण त्यांच्या पोटावर पाय येणार होता. पर्यावरणवाद्यांना एकदा चाक आत आलं की पुढे काय काय येईल याची चिंता होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेही जंगलांबाबतच्या प्रसिद्ध गोदावर्मन खटल्यात. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालवून पाहायला परवानगी दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा सुरू झाल्या. २०२४ मध्ये संख्या २० पुरती मर्यादित ठेवून त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायला सांगितलं.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने अखेर निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणं हे प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काला धरून नाही, स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाल्यावर हे चालू राहू शकत नाही, असं सांगून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचे आदेश दिले. १९८० मध्ये पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्यात न्यायालयाने हाच विचार मांडला होता, याची आठवणही करून दिली. गुजरातमधल्या केवडियात ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आहे, तशी योजना माथेरानसाठी करावी आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये, असं राज्य सरकारला बजावलं.

निकालाचं स्वागत झालं आणि ते रास्तच होतं. रान राखण्यासाठी कोणाला तरी गाडीला जुंपावं लागत असेल तर ते रान राखणं नव्हे. मात्र याच निकालात आणखी एक भाग आहे, आणि माथेरानच्या पुढच्या वीस वर्षांसाठी कदाचित तोच जास्त महत्त्वाचा ठरेल.

लाल माती की पेव्हर ब्लॉक

ई-रिक्षाला धूर नसतो, पण तिला रस्ता लागतो. ओल्या लाल मातीत, उघड्या पडलेल्या मुळांवरून ती चालत नाही. म्हणून दस्तुरीपासून पेव्हर ब्लॉक बसवण्याचं काम निघालं आणि तिथे खरा वाद पेटला.

बाजू दोन्हीकडे आहे. मातीच्या रस्त्यांची आजची अवस्था बरी नाही. वर्षानुवर्षं घोड्यांच्या टापांनी माती सैल होते आणि पावसाळ्यात वाहून जाते. कित्येक वाटांवर झाडांची मुळं हातभर वर आलेली दिसतात. जमीन खाली गेली म्हणून ती वर आली आहेत. उन्हाळ्यात लाल मातीची आणि वाळलेल्या लिदीची धूळ उडते. हे थांबवायला काहीतरी करावं लागेल, हे विरोधकही मान्य करतात. दुसरीकडे, काँक्रीटचे ठोकळे बसवले की पाणी मुरण्याऐवजी कडेने धावतं आणि जिथे रस्ता संपतो तिथली माती आणखी जोरात कापतं. गुळगुळीत ब्लॉकवर घोडे घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार. आणि एकदा घट्ट, सपाट रस्ता झाला की त्यावर फक्त ई-रिक्षाच धावेल याची हमी काय, हा प्रश्न आहेच. आज प्रवासी नेणारी ई-रिक्षा उद्या सिमेंटची पोती नेऊ लागली, तर बांधकामाला आजवर असलेला नैसर्गिक लगाम सुटेल.

न्यायालयाने मध्यंतरी हे काम थांबवलं होतं. ऑगस्ट २०२५ च्या निकालात मधली वाट काढली. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, पण आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाहीत. म्हणजे दस्तुरी नाक्यावरची जुनी रेषा आता पुतळ्यापाशी सरकली आहे. हातरिक्षावाल्यांच्या दृष्टीने हा न्याय आहे, आणि रानाच्या दृष्टीने मुख्य वाट सोडून बाकीचं अजून शाबूत आहे. ई-रिक्षा किती असाव्यात, त्यांत काय न्यायचं, रात्री चालवायच्या का, चार्जिंग कुठे, या बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टींवर पुढचं बरंच अवलंबून आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचे निर्णय म्हणून बातम्यांत न येणारे असले तरी लक्ष ठेवण्यासारखे आहेत.

इतर डोंगरांचं काय

माथेरानचा नियम उचलून दुसरीकडे लावता येईल का? सहसा नाही, कारण बाकी ठिकाणी रस्ता आधीच पोहोचला आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी सापडलेल्या छोट्या माशाचं २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं नामकरण झालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. क्षेत्र आहे २.११ हेक्टर. मासा वाचायला तेवढं पुरेलही, पण भोवतालच्या डोंगराला त्याचा उपयोग नाही. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या बाजूला दोनशेहून अधिक गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर'ची आखणी चालू आहे, आणि शेजारीच सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. संपूर्ण पश्चिम घाटासाठी केंद्राने २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे काढले. ३१ जुलै २०२४ चा सहावा होता आणि त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र धरलं होतं.

नवीन महाबळेश्वरसारख्या ठिकाणी अजून एक संधी शिल्लक आहे, जी जुन्या महाबळेश्वरला मिळाली नाही. तिथले अनेक रस्ते अजून कागदावर आहेत. दस्तुरी नाका कुठे ठेवायचा हे गाड्या वर जाण्याआधी ठरवता येतं. एकदा त्या दारापर्यंत गेल्या की त्यांना परत नाक्यावर आणणं महाराष्ट्रातल्या कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणाला आजवर जमलेलं नाही.

माथेरानला जायचं असेल तर पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, अमन लॉजची शटल मात्र बहुतेक वेळा चालू राहते. माकडांना काही खायला घालू नये. ती नंतर हातातल्या पिशव्या ओढतात आणि तक्रार होते ती माकडांची. शेकरू पाहायची तर सकाळी लवकर, बाजारापासून लांब, मान वर करून हळू चालावं. ती आधी दिसत नाही, ऐकू येते. कर्कश, तुटक, खुळखुळ्यासारखा आवाज आला की जवळच्या उंच झाडाच्या शेंड्याकडे बघावं.